खालच्या रकान्यातलं एक नाव

माझी ताई पंपांच्या कारखान्यात आहे. इमारतींच्या गच्चीवर पाणी चढवतात ते पंप तिथे बनतात, आणि तयार झालेला प्रत्येक पंप बाहेर पडायच्या आधी ताईच्या टेस्टिंग विभागातून जातो. हा विभाग म्हणजे एक लांबट शेड. पंप बसवून चालवून बघायचे चार टेस्ट बेंच, पाण्याच्या टाक्या, कायम ओली जमीन, आणि आवाज असा की तिथे काम करणारी माणसं घरी गेल्यावरही ओरडूनच बोलतात. बावीस वर्षांची असताना ताई तिथे गेजवरचे आकडे वहीत उतरवायला लागली. आता ती सत्तेचाळीसची आहे.

माझं शिवणकामाचं दुकान तिच्या घरी जायच्या वाटेवर आहे. संध्याकाळी साडेपाचला शिफ्ट सुटली की ती माझ्याकडे येते, कटिंगच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसते, चहा घेते आणि मोकळी होते. मी सांगते आहे त्यातलं बरंचसं तिने त्या स्टुलावरून सांगितलेलं आहे, तेही बहुतेक वेळा चिडून. थोडं मी स्वतःही पाहिलं आहे, कारण त्या विभागाचे एप्रन मीच शिवते.

चार वर्षांपूर्वी कारखाना एका मोठ्या परदेशी कंपनीने विकत घेतला. मालक बदलला, गेटवरची पाटी बदलली, पंपांच्या खोक्यांचा रंग बदलला. ताईला वाटलं, आपल्याला काय, पाणी तेच आणि गळतीही तीच. पण सहा महिन्यांनी तिला वर बोलावलं आणि सांगितलं की आजपासून तुम्ही तीन देशांच्या टेस्टिंगच्या प्रमुख. एक आपला कारखाना, एक दूर उत्तरेला, वर्षातले पाच महिने बर्फात असलेला, आणि एक समुद्रापलीकडच्या बेटावरचा. तिन्हीकडची मिळून वीस माणसं.

त्या दिवशी ती दुकानात आली तेव्हा चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. आमचे बाबा तेव्हा तिथेच बसले होते. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते ते. लोकांना नाही म्हणण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

"तीन देश?" ते म्हणाले. "तुला दोन पोरं आवरत नाहीत."

"बाबा, पोरं पगारावर नसतात," ताई म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो.

हसणं तेवढंच. पुढच्याच महिन्यात तिची आणि उत्तरेकडच्या इंजिनिअरची जुंपली.

त्या इंजिनिअरला ताईने लंबू नाव ठेवलं होतं, कारण व्हिडिओ कॉलवर त्याच्या डोक्याचा वरचा भाग कधीच दिसायचा नाही. हुशार माणूस, कामाला वाघ, पण बोलणं असं की समोरच्याला तोंडात मारल्यासारखं व्हावं. ताईने आपल्याकडचा तपासणीचा तक्ता दोन्ही कारखान्यांना पाठवला होता. दुसऱ्या दिवशी लंबूची मेल आली, वीसच्या वीस माणसांना: "हा तक्ता निरुपयोगी आहे. सातवा आणि नववा रकाना एकच गोष्ट दोनदा विचारतो. हा कोणी बनवला?"

बनवला होता नानांनी.

नानांबद्दल सांगायला हवं. ते टेस्टिंगमधले सर्वांत जुने. ताई नवीन होती तेव्हा गेज कसं वाचायचं, सील कुठे सुटतं, बेअरिंग कधी दगा देणार, हे सगळं तिला त्यांनीच शिकवलं. चालू पंपाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची पद्धत. मशिन पास करेल तो पंपही नाना कधीकधी बाजूला ठेवायचे, आणि उघडून पाहिला की आत खरंच खोट निघायची. ताईला ते "पोरी" म्हणायचे. ती प्रमुख झाली तरी पोरीच.

तो तक्ता त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी पट्टीने रेघा मारून बनवला होता. मेल कोणीतरी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी भिंतीवर चिकटवलेला तक्ता काढला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि पुन्हा बेंचवर गेले. त्या दिवसापासून त्यांनी तो तक्ता वापरला नाही. कंपनीने दिलेला नवा तक्ता भरायचे, एक अक्षर इकडेतिकडे न करता. सातव्या रकान्यात जे लिहिलं तेच नवव्यात पुन्हा लिहायचं, असा काही प्रकार त्यातही होताच.

ताईची तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लंबूला फोन लावला आणि चांगलं सुनावलं. इतकी वर्षं ज्याने काम केलं त्याला चारचौघांत असं बोलतात का, वगैरे. लंबू शांतपणे ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "पण मी कागदाबद्दल लिहिलं. माणसाबद्दल एक शब्दही नाही. आणि सातवा-नववा रकाना एकच आहे की नाही?"

"एकच आहे," ताई म्हणाली.

"मग?"

"मग काय सांगू त्याला?" स्टुलावर बसून ती मला विचारत होती. "त्याचं चुकलंही नाही आणि त्याला कळलंही नाही. मी ओरडले, तर म्हणतो, तू स्पष्ट बोलतेस हे मला आवडलं. आभार मानले त्याने माझे! डोकं फोडून घ्यावंसं वाटलं."

कंपनीला अशा भानगडी माहीत होत्या. म्हणून तिन्ही ठिकाणच्या प्रमुखांसाठी दोन दिवसांचं शिबिर झालं. एका बाईंनी पडद्यावर चौकोन दाखवले. कुठल्या देशातली माणसं तोंडावर बोलतात, कुठली आडून बोलतात, कुठली वरिष्ठांपुढे मान वर करत नाहीत. आमच्या लोकांच्या चौकोनात लिहिलं होतं की ही माणसं नकार देत नाहीत. ताईला बाबांची आठवण येऊन हसू फुटलं, तर त्या बाईंनी तेही टिपून घेतलं. या मंडळींना अवघडल्यासारखं झालं की ती हसतात म्हणे.

बेटावरच्या कारखान्याची गोष्ट मात्र वेगळी होती. तिथे भांडण असं नव्हतंच. तिथल्या टेस्टिंगच्या बाई ताईच्याच वयाच्या, आवाज मऊ, दर वाक्याला आभार. दर मंगळवारी सकाळी त्यांचा कॉल असायचा. ताई विचारायची, "शुक्रवारपर्यंत आकडे मिळतील ना?" त्या म्हणायच्या, "हो मॅडम." शुक्रवार जायचा, आकडे यायचे नाहीत. पुढच्या मंगळवारी पुन्हा, "या शुक्रवारी नक्की?" "हो मॅडम, आमची माणसं खूप मेहनत घेत आहेत." मग त्या मध्येच विचारायच्या, तुमच्याकडचे बेंच किती वर्षांचे आहेत? तुमच्याकडे दुरुस्तीला माणूस कुठून येतो? ताई वेळ वाचवायला दोन शब्दांत उत्तर द्यायची आणि पुन्हा शुक्रवारवर यायची.

"गप्पा मारते नुसती," ताई म्हणायची. "हो म्हणायला काय जातं हिचं? लंबू परवडला. तो तोंडावर तरी सांगतो की होणार नाही."

वर्ष संपत आलं आणि अप्रेझलचे फॉर्म आले.

प्रत्येकाने आपल्या वर्षभराच्या कामाबद्दल स्वतःच लिहायचं होतं. मी काय साध्य केलं, माझ्यामुळे कंपनीला काय मिळालं, माझी बलस्थानं कोणती. ते वाचून ताईने वीस जणांना पाच रकान्यांत बसवायचं. नियम असा की सर्वांत खालच्या रकान्यात एक नाव हवंच. शून्य चालणार नाही. ज्याचं नाव तिथे जाईल त्याच्यामागे सहा महिने सुधारणा योजना लागणार. दर आठवड्याला लेखी अहवाल, दर महिन्याला चौकशी.

फॉर्म भरून आले आणि ताईने डोक्याला हात लावला. उत्तरेकडच्या लोकांनी नेमकं लिहिलं होतं, स्वतःच्या चुकांसकट. बेटावरच्या सात जणांचे फॉर्म शब्दशः एक होते. सगळ्यांनी लिहिलं होतं की आम्ही सगळ्यांनी मिळून काम केलं. आणि नानांच्या फॉर्मवर, जिथे अर्धं पान भरायचं होतं तिथे, दोनच शब्द होते: "काम केलं."

कॉम्प्युटरने फॉर्म वाचून आपला अंदाज आधीच मांडला होता. खालच्या रकान्यात नाना.

ताईने मुख्य कचेरीतल्या साहेबाशी दुपारी कॉल लावला. हा साहेब तिन्ही कारखान्यांच्या वरचा, बोलायला गोड, घड्याळाकडे बघत बोलणारा.

"हा माझा सर्वांत चांगला माणूस आहे," ताई म्हणाली. "त्याने पास केलेला एक पंप परत आला नाही आजवर."

"छान! हेच त्यांनी लिहायला हवं होतं."

"तो नाही लिहिणार. आमच्याकडे जुनी माणसं स्वतःचं कौतुक स्वतः करत नाहीत."

"मला तुमच्या संस्कृतीबद्दल पूर्ण आदर आहे," साहेब म्हणाला. "पण वीस जणांना एकच माप लावलं नाही तर तो अन्याय होईल. त्यांना पुन्हा लिहायला सांगा. सोमवारपर्यंत वेळ आहे."

"एकच माप!" दुकानात येऊन ती माझ्यावरच उखडली. "तू लावतेस का सगळ्यांना एकच माप? सांग ना!"

मी एका बाईची बाही उसवत होते. मी म्हटलं, "माझ्यावर कशाला ओरडतेस? त्याला विचारायचं होतंस."

"त्याला विचारलं असतं तर तो माझ्या प्रश्नाचाही आदर करून मोकळा झाला असता."

दुसऱ्या दिवशी ती फॉर्म घेऊन नानांकडे गेली. नाना हात पुसत होते.

"नाना, चार ओळी लिहा. तुम्ही काय काय केलंत ते."

"लिहिलंय की."

"एवढ्याने भागत नाही. तुमच्यामुळे काय फायदा झाला तेही लिहायचं असतं."

"माझा डंका मीच पिटू?" नाना म्हणाले. "वर्षभर तू बघतेस ना? मग मला कशाला विचारतात?"

"पद्धत आहे त्यांची."

"असेल. मला नाही जमायचं. तू बघ काय ते," असं म्हणून त्यांनी फॉर्म तिच्या हातात परत दिला.

ताईने बघितलं. रविवारी दुपारी, घरी जेवणाच्या टेबलावर बसून तिने नानांच्या नावाने अर्धं पान लिहून काढलं. माझ्या अनुभवाचा मी नेहमीच संस्थेला लाभ करून दिला आहे. मी तरुण सहकाऱ्यांचा आदर्श आहे. संवाद हे माझं बलस्थान आहे. अशी वाक्यं. सोमवारी ते भरलं आणि कॉम्प्युटरने नानांना उचलून वरून दुसऱ्या रकान्यात नेऊन बसवलं.

आता खालचा रकाना रिकामा झाला. एक नाव हवं होतं. उत्तरेकडच्या कोणाला घालावं तर लंबू चार पानांचा युक्तिवाद पाठवणार हे तिला ठाऊक होतं. आपल्याकडच्या कोणाला घालावं तर त्याच्यासोबत रोज एका शेडमध्ये उभं राहायचं होतं. राहिलं बेट. तिथले आकडे वर्षभर उशिरा आले होते, त्याची नोंद होती. ताईने बेटावरच्या बाईंचं नाव घातलं.

मला ते तिने तेव्हा सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की सुटले एकदाची.

बेटावरून उत्तर आलं, दोन ओळींचं. मार्गदर्शनाबद्दल आभारी आहे, सुधारण्याचा प्रयत्न करीन.

तीन आठवड्यांनी नानांच्या नावाने कौतुकपत्र आलं. कंपनीची तशी पद्धत होती. वरच्या दोन रकान्यांतल्या माणसांना साहेबाच्या सहीचं पत्र यायचं आणि ते सगळ्यांसमोर वाचायचं. आमच्या कारखान्याच्या मॅनेजरने सकाळच्या शिफ्टला सगळ्यांना गोळा केलं आणि वाचलं. पत्रात नानांचीच वाक्यं उचलून घातली होती. आपण स्वतः म्हटल्याप्रमाणे, आपण तरुण सहकाऱ्यांचे आदर्श आहात. आपल्याच शब्दांत सांगायचं तर, संवाद हे आपलं बलस्थान आहे.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. दोन शब्दांच्या वर न बोलणारा माणूस, आणि संवाद हे बलस्थान! त्या दिवशी मी तिथे होते, नवे एप्रन द्यायला गेले होते. नानांचे कान लाल झालेले मी पाहिले. त्यांनी पत्र घेतलं नाही.

लोक पांगल्यावर ते ताईच्या केबिनच्या दाराशी आले.

"हे मी लिहिलं?"

"नाना, तुमचं नाव खाली जात होतं. मला दुसरा मार्ग नव्हता."

"माझ्या तोंडी हे घातलंस? मी आदर्श आहे, असं मी म्हणालो?"

"तुम्हीच म्हणालात ना, तू बघ काय ते!"

"तू बघ म्हणजे मला यातून सोडव, असं म्हणालो मी." नाना पहिल्यांदाच ओरडले, आणि शेडमध्ये ओरडतात तसे नव्हे. "खोटी सही केलीस माझी."

"तुमच्यासाठी केलं."

नाना मागे वळले. मग म्हणाले, "बरं, मॅडम," आणि गेले.

इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. ती संध्याकाळी आली ती बसलीच नाही. दुकानात इकडून तिकडे फेऱ्या मारत राहिली. "वर साहेबाला माझी भाषा कळत नाही, तिकडे लंबूला कळत नाही, आणि आता ज्याने मला बोलायला शिकवलं त्यालाही कळत नाही. मी करू तरी काय?" तेव्हाच तिने मला बेटावरच्या बाईंचं नाव कुठे घातलं ते सांगितलं.

त्यानंतर दोनच महिन्यांत बेटावरचे पंप परत यायला लागले. आधी पाच-दहा, मग पेट्याच्या पेट्या. दोनेक तास चालले की जोडातून पाणी झिरपायचं. साहेबाने लंबूला बेटावर पाठवलं, कारण लंबू कोणाची भीड ठेवत नाही. तिसऱ्या दिवशी लंबूने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "तीनपैकी दोन बेंच बंद आहेत. वर्षापेक्षा जास्त झालं. उरलेल्या एकावर सगळा माल. प्रत्येक पंप दोन तास चालवायचा तो वीस मिनिटं चालवतात, नाहीतर गाडी भरणार नाही. तुला हे माहीत नव्हतं?"

ताईला माहीत नव्हतं. तिने साहेबालाही तसंच सांगितलं. मला कोणी कळवलं नाही, म्हणाली. मग ते सिद्ध करायला तिने वर्षभराच्या मेल आणि कॉलच्या नोंदी छापून घेतल्या, आणि तो गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली.

"ऐक," ती म्हणाली. "एकदा तरी म्हटलंय का तिने, बेंच बंद आहे म्हणून? ऐक तू."

ती वाचत गेली. आमचा बेंच आता जुना झाला आहे, पण आम्ही प्रयत्न करू. आमची माणसं पाळी लावून काम करतात. तुमच्याकडे प्रत्येक माणसाला एक बेंच मिळतो का? दुरुस्तीसाठी तुमच्याकडून कोणी येऊ शकेल का, सवडीने? शुक्रवारी पाठवण्याची आमची फार इच्छा आहे. एका बेंचवर किती पंप घेता येतात, तुमचा अनुभव काय?

वाचता वाचता तिचा आवाज खाली येत गेला.

मी कात्री ठेवली. "ताई, ती तर सरळ नाही म्हणते आहे."

"कुठे म्हणते आहे?"

"माझ्याकडे गिऱ्हाईक येतं. कपडा अंगाला लावून बघतं आणि म्हणतं, छान झालाय हो, घरी जाऊन एकदा नीट घालून बघते. त्याचा अर्थ काय? काखेत आवळतोय. मी तिथल्या तिथे शिवण उसवायला घेते. वाट बघत बसले की ती तोंडाने आवळतोय म्हणेल, तर ती पुन्हा येणारच नाही."

"तुझं गिऱ्हाईक तुझ्यासमोर उभं असतं!" ताई ओरडली. "मला एक चौकोन दिसतो पडद्यावर, त्यातही ती दहा मिनिटं अडकलेली असते! आणि मी मुद्दाम केलं का? सतरा वेळा विचारलं मी तिला!"

"काय विचारलंस? शुक्रवारी देणार का, हेच ना?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं आता गठ्ठा फेकून मारते. मग तिने कागद गोळा केले, टाचणी लावली आणि चहा न पिताच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबाला मेल लिहिली, लंबूच्या थाटात. बेटावरचे दोन बेंच बंद होते. मला हे सात वेळा सांगण्यात आलं, तारखा खाली आहेत. मला ते समजलं नाही. खालच्या रकान्यातलं नाव चुकीचं आहे, ते काढावं. तसंच माझ्या कारखान्यातल्या एका फॉर्मवरचा मजकूर मी लिहिलेला आहे, त्या माणसाने नव्हे.

साहेबाने लगेच कॉल लावला. प्रामाणिकपणाचं त्याने कौतुक केलं. नवे बेंच मंजूर करतो म्हणाला. नाव मात्र काढता येणार नाही, कारण वर्ष बंद झालं आहे.

"वर्ष बंद झालं म्हणजे?"

"म्हणजे सिस्टीममध्ये आता बदल होत नाही."

"मग माझं नाव घाला तिथे."

"तुम्ही त्या यादीत नाही आहात," साहेब म्हणाला. "तुम्ही माझ्या यादीत आहात." आणि खरंच, पुढच्या वर्षी त्याच्या यादीत ताई बरीच खाली होती. निर्णयक्षमतेत सुधारणेला वाव, असं लिहिलं होतं.

नानांचा फॉर्म मात्र रद्द झाला; खोटा फॉर्म काढून टाकायची सोय सिस्टीममध्ये होती. त्या वर्षी त्यांचा फॉर्मच उरला नव्हता, म्हणून त्यांना कुठलाच रकाना मिळाला नाही. ते रोजच्यासारखे बेंचवर यायचे. मॅडम म्हणणं चालूच राहिलं.

बेटावरच्या बाईंना ताईने फोन करून माफी मागितली. कसं बोलायचं याची तिने दोन दिवस तयारी केली होती. त्या म्हणाल्या, "काही हरकत नाही मॅडम. आम्ही सगळे अगदी ठीक आहोत. तुम्ही फोन केलात, फार आनंद झाला."

ताई मला म्हणाली, "आता सांग, ही ठीक आहे की नाही? आनंद झाला म्हणजे झाला का? मी पुन्हा पुन्हा विचारलं, रागावला आहात का? तर म्हणाली, आमच्याकडे हवा छान आहे, एकदा या."

"मग जा ना," मी म्हटलं.

ताईने जायची परवानगी मागितली. कागद वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. तो मंजूर होईपर्यंत त्या बाईंनी नोकरी सोडली होती. राजीनाम्याचं पत्र पानभर होतं आणि त्यात सगळ्यांचे आभार होते, ताईचे दोनदा. कारण कुठेच नव्हतं. नवे बेंच पोचले ते त्यानंतर पाच आठवड्यांनी. ताई गेलीच नाही. आता कोणाला भेटायला जाऊ, म्हणाली.

त्यानंतर वर्षभर तिने ते पद ओढलं. दर मंगळवारी ती बेटाशी दीड-दीड तास बोलायची. तुमचा बेंच कसा आहे, तुमचं दुरुस्तीचं कसं काय, असं बारीकसारीक विचारत राहायची, आणि तिथला नवा माणूस गोंधळून जायचा, कारण त्याचं खरंच सगळं ठीक होतं. लंबू म्हणायचा, हे कॉल फार लांबतात. साहेब म्हणायचा, ताई फार तपशिलात शिरते. शेवटी तिने लिहून दिलं की मला फक्त माझी शेड द्या. तिच्या जागी लंबूची नेमणूक झाली.

बाबांनी विचारलं, "म्हणजे खाली उतरवलं तुला?"

"मी उतरले."

"एकच ते," बाबा म्हणाले. ताईला एवढा राग आला की ती आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

गंमत अशी की लंबू आता आठवड्यातून एकदा तरी तिला फोन करतो. बेटावरून अमुक मेल आली आहे, याचा अर्थ हो की नाही? ताई म्हणते, मला काय माहीत, तूच विचार त्यांना. आणि मग वीस मिनिटं त्याला समजावत बसते, त्या पदाशी आता संबंध नसताना.

गेल्या महिन्यात नाना निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला ताईने भाषण केलं नाही. नुसतं उभं राहून त्यांचा हात हातात घेतला. ते "येतो, मॅडम" म्हणाले.

चार दिवसांनी ते माझ्या दुकानात आले. पॅन्टची कंबर सैल करून हवी होती. माप घेता घेता मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नाना, ताईवर अजून राग आहे का हो?"

त्यांनी हात वर धरून मला फीत लावू दिली. मग म्हणाले, "मला विचारायचं होतं तिने. मी म्हटलं असतं, घाल माझं नाव खाली. दोनच वर्षं राहिली होती माझी. मला कोण काय करणार होतं? सहा महिने दोन शब्दांचे अहवाल दिले असते. त्या बिचाऱ्या बाईची नोकरी गेली."

संध्याकाळी ताई आली तेव्हा मी तिला ते सांगितलं. सांगावं की नाही याचा दिवसभर विचार केला होता. ती स्टुलावर बसलेली होती, कप हातात होता.

"हे ते मला का नाही बोलले?" ती म्हणाली. "दोन वर्षं रोज समोर होते. रोज!"

"तूही नाही विचारलंस."

"मी विचारलं होतं. मी दारात उभं राहून विचारलं होतं, नाना, रागावलात का? तर म्हणाले, नाही मॅडम."

तिने कप टेबलावर ठेवला, जरा जोरातच. थोडा चहा एका गिऱ्हाइकाच्या कापडावर सांडला. आम्ही दोघी ते पाण्याने पुसत बसलो, आणि ती मध्येच थांबून म्हणाली की नवीन दोन पोरी लागल्या आहेत टेस्टिंगला, त्यांच्या एप्रनची मापं उद्या पाठवते.

"पाठवू नकोस," मी म्हटलं. "त्यांनाच पाठव इकडे."